डाएट सोडा सोडलात, आता ग्लासात काय?

डाएट सोडा बंद करायचं ठरलं की घरात पहिली येते ती कोकम सिरपची बाटली. नैसर्गिक, पित्तावर उत्तम, शिवाय गावाकडची. ग्लासाच्या तळाशी दोन बोटं सिरप, वरून माठातलं पाणी, की झालं सरबत.

त्या दोन बोटांचा हिशोब करून बघू. आपल्याकडे सिरप किंवा सरबत म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत विरघळलेले घटक वजनाने किमान ६५ टक्के असावे लागतात, आणि हे घटक म्हणजे बहुतेक सगळी साखरच. दोन बोटं म्हणजे कमीत कमी ३० मिलिलिटर धरू; तेवढ्या सिरपचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे ग्लासात साधारण २५ ग्रॅम साखर गेली, सपाट सहा चमचे. पाव लिटर साध्या कोलात जवळपास एवढीच असते. आणि आपण जी बाटली सोडली तिच्यात साखर होती शून्य!

म्हणजे डाएट सोडा पीत राहा असं मी म्हणत नाही. पण ‘घरचं’ हा शब्द साखर मोजत नाही. डाएट सोड्याच्या जागी काय आणायचं हे ठरवण्याआधी त्या बाटलीतून आपल्याला नेमकं काय मिळत होतं ते समजून घेतलं, तर पुढचं काम सोपं होतं.

कॅन उलटा करून वाचा

डाएट किंवा झिरो लिहिलेला कोलाचा कुठलाही कॅन घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. कार्बोनेटेड पाणी. रंगासाठी १५०डी, म्हणजे कॅरॅमल. आंबटपणासाठी ३३८, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. टिकावं म्हणून बहुधा २११, सोडियम बेन्झोएट. थोडं कॅफीन. आणि गोडीसाठी ९५१, ९५० किंवा ९५५ यांपैकी एक-दोन आकडे.

९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५० म्हणजे ॲसिसल्फेम पोटॅशियम आणि ९५५ म्हणजे सुक्रालोज. पहिली दोन साखरेच्या सुमारे २०० पट गोड, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट. त्यामुळे जिथे तीस-पस्तीस ग्रॅम साखर लागली असती तिथे चिमूटभरही पुरते. दोन गोड्या एकत्र घालण्याचं कारण चवीचं आहे. अस्पार्टेमची गोडी जिभेवर उशिरा चढते आणि रेंगाळते, ॲसिसल्फेमची झटकन येते पण मागे कडवट छटा ठेवते. जोडीने घातली की एकमेकींचे दोष झाकले जातात.

अस्पार्टेमचा शोध १९६५ सालचा आणि निव्वळ अपघाती. जेम्स श्लॅटर हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पोटाच्या अल्सरवरच्या औषधाचं काम करत होता. कागद उचलायला त्याने बोट चाटलं आणि ते गोड लागलं. (प्रयोगशाळेत बोट चाटू नये, हे तेव्हाही शिकवत असणारच.)

घाबरायचं किती?

अस्पार्टेमबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारे दोन मजकूर तुम्हीही वाचले असतील. एक म्हणतो, त्यातून मिथेनॉल तयार होतं. खरं आहे, थोडं होतं. पण तेवढ्याच टोमॅटोच्या रसातून त्याहून जास्त मिथेनॉल पोटात जातं आणि टोमॅटोला कोणी विष म्हणत नाही.

दुसरा मजकूर कर्करोगाचा. जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘२बी’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ एवढाच, की कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे पण पुरावा तोकडा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. अस्पार्टेमला शिव्या घालून सकाळी उठून कोरफडीचा रस पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने अस्पार्टेमची रोजची मर्यादा पूर्वीइतकीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायची तर दिवसाला नऊ ते चौदा कॅन रिचवावे लागतील. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी अस्पार्टेम घ्यायचंच नाही, आणि तशी सूचना डब्यावर छापावी लागते.

खरी गोम वजनाची आहे. मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशा गोड्या वापरू नका, लांब पल्ल्यात त्याचा फायदा दिसत नाही. हा सल्ला त्यांनी पक्का नव्हे, सशर्त म्हणून दिला, आणि आधीच मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही असंही नमूद केलं. सशर्त का? डाएट सोडा पिणाऱ्यांत वजन आणि मधुमेह जास्त आढळतात हे खरं, पण वजन वाढायला लागलेली माणसंच डाएट सोड्याकडे वळतात. मग कोणामुळे कोण, हे केवळ निरीक्षणातून सुटत नाही. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांवर दीड वर्ष प्रयोग झाला. निम्म्यांना रोज साखरेचं पेय दिलं, निम्म्यांना बिनसाखरेचं, आणि कोणाला काय मिळतंय हे त्यांना कळू दिलं नाही. बिनसाखरेवाल्यांचं वजन कमी वाढलं.

या सगळ्याची संगती अशी लागते: साखरेच्या कोलावरून डाएटवर आलेला माणूस एक पायरी खाली उतरला. डाएटवरून तो सिरपच्या सरबतावर गेला तर पुन्हा वर चढला. त्याला आणखी एक पायरी उतरायची असेल, तर पुढच्या पेयात साखरही कमी हवी आणि गोडीची सवयही.

‘मग स्टीव्हिया घालू का?’ हा प्रश्न येतोच. त्या २०२३च्या सल्ल्यात स्टीव्हियाही धरलेली आहे. झाडाचं पान असलं तरी जिभेला मिळणारा धडा तोच: पेय म्हणजे गोड.

आपल्याला हवं काय असतं?

दुपारी चारला ‘काहीतरी गार’ हवंसं वाटतं तेव्हा माणूस साखर मागत असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला फसफस हवी असते. सोड्यातली फसफस म्हणजे दाबाने पाण्यात कोंबलेला कार्बन डायऑक्साइड. जिभेवर त्याचं सौम्य आम्ल बनतं आणि फेसलेल्या मोहरीने नाकात झिणझिण्या आणणाऱ्या ज्या नसा, त्याच चाळवल्या जातात. म्हणजे सोड्याची मजा ही चवीपेक्षा सौम्य चटक्याची आहे, आणि तिला गोडीची गरज नाही. साधा, बिनगोडाचा सोडाही ती पुरेपूर देतो.

सोडा मात्र गारेगार हवा. शून्य अंशाजवळचं पाणी २० अंशाच्या पाण्याच्या जवळपास दुप्पट वायू धरून ठेवतं. कोमट सोडा ग्लासात ओतताच निम्मा उडून जातो आणि मग माणूस म्हणतो, साध्या सोड्यात काही राम नाही.

गारव्याचा दुसराही एक परिणाम आहे. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. उघडा राहून गरम झालेला कोला चाखून बघा, पाक प्यायल्यासारखा लागतो. साखर तेवढीच असते, थंडीने ती लपवलेली असते. म्हणून सरबत करताना साखर आधी कोमट पाण्यात चाखून ठरवा, आणि मग फ्रिजमधून काढल्यावर ‘कमी झाली’ म्हणून वरून घालू नका.

तिसरी गोष्ट आंबटपणा. ती आपल्या स्वयंपाकघरात मुबलक आहे: कोकम, लिंबू, कैरी, चिंच, आवळा, ताक. चौथी कॅफीन, त्याचं पुढे सांगते.

आगळाचा सोडा

सिरप बाजूला ठेवून कोकणातली दुसरी बाटली घ्या. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या ताज्या फळाचा, मीठ घालून टिकवलेला रस, त्यात साखर नसते. उंच ग्लासात चमचाभर आगळ, बोटाच्या चिमटीत मावेल एवढी भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन चमचे साधं पाणी घालून ढवळून घ्या. मग ग्लास तिरका धरून कडेने गार सोडा सोडा. वर गुलाबी फेस चढतो आणि खाली माणकासारखा रंग उतरतो. वरून मीठ घालू नका, आगळात ते आधीच भरपूर असतं.

क्रम उलटा केलात, म्हणजे सोड्यात वरून जिरेपूड किंवा मीठ भुरभुरलंत, तर ग्लास ओट्यावर उतू जाणार. पुडीच्या प्रत्येक कणावर वायूला बुडबुडा धरायला जागा मिळते आणि सगळा वायू एकदमच बाहेर पडतो. गाडीवरचा सोडावाला मुद्दाम तसं करून दाखवतो, आणि गिऱ्हाइकाला तोंड लावून प्यायची घाई करावी लागते. बघायला मजा, पण पिताना फसफस उरलेली नसते.

आगळ मिळालं नाही तर पाच-सहा आमसुलं अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी हाताने कोळून गाळा. रक्तदाबाचा त्रास असेल तर वाण्याकडून बिनमिठाची सोलं मागून आणा.

कोकमाने वजन उतरतं, हा दावा सोडून द्या. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि त्याच्या गोळ्याही बाजारात आहेत, पण माणसांवर ठोस फायदा दिसलेला नाही. कोकम चवीसाठी प्या, तेवढं कारण पुरेसं आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही वजन उतरवल्याबद्दल नव्हे.

कोलाची तलफच आली तर

कोलाची नेमकी कृती कंपन्या कुलूपबंद ठेवतात, पण कोला चवीच्या जुन्या, छापून आलेल्या कृतींत संत्र-लिंबाच्या सालीचं तेल, दालचिनी, जायफळ आणि धने हमखास दिसतात. म्हणजे निम्मा कोला आपल्या मसाल्याच्या डब्यात पडून आहे.

दोन कप पाण्यात बोटभर दालचिनी, चमचाभर किंचित ठेचलेले धने आणि चिमूटभर किसलेलं जायफळ घालून पाच मिनिटं उकळा. गॅस बंद केल्यावर लिंबाची आणि संत्र्याची स्वच्छ धुतलेली साल टाका. पांढरा भाग काढून टाका, कडूपणा तिथेच असतो. साली उकळायच्या नाहीत, त्यांचा वास वाफेबरोबर उडून जातो. झाकून गार करा, गाळा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकतं. पाव ग्लास हा काढा, थोडं लिंबू, बाकी सोडा.

याला कोलाची चव येते का? नाही. पण वास त्याच मोहल्ल्यातला येतो, आणि दालचिनीसारख्या वासांची आपल्या मेंदूने गोडाशी सांगड घातलेली असल्याने बिनसाखरेचं पेयही किंचित गोड भासतं. वेलची, बडीशेप, वाळा यांनीही हेच साधतं. चिमूटभर मिठाचं कामही असंच: ते कडवटपणा दाबतं आणि असलेली गोडी वर आणतं. आपल्या सरबतांत साखरेबरोबर मीठ असतं ते उगाच नाही.

ताक, आणि गोड सरबतांचा प्रश्न

फसफशीचा सोस नसलेल्यांनी फार शोधाशोध करू नये. वाटीभर दही, तीन वाट्या पाणी, रवीने घुसळून तीन ग्लास पातळ ताक होतं. ग्लासामागे तिसेक कॅलरी. आलं ठेचून, कढीपत्ता चुरडून, हिंगाचं बोट लावून काय हवं ते करा. दातांच्या दृष्टीनेही ते बरं, कारण आंबट असूनही त्यातल्या कॅल्शियममुळे दाताचं कवच झिजत नाही. मसाला ताकाची तयार पिशवी आणत असाल तर तिच्यावरचा सोडियमचा आकडा तेवढा बघा.

लिंबाला मात्र दातांबाबत झुकतं माप देता येत नाही. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. दाताचं कवच साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळू लागतं. कोला, मग तो साधा असो वा डाएट, अडीच-तीनच्या आसपास असतो. लिंबाचा रस दोन ते अडीच, आणि सरबत केलं तरी तीनच्या आगेमागेच. बिनसाखरेचं लिंबूपाणी बाटलीत भरून दिवसभर घोट घोट पिणं ही दातांसाठी वाईट सवय आहे. जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत प्या, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच दात घासू नका.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं गोडच असावं, त्याला कोणी हात लावू नये. वर्षातून ते होतं किती वेळा! पण रोजच्या बाटलीच्या जागी पन्हं आणायचं असेल तर गुळाला ‘साखर नाही’ म्हणून सूट देऊ नका. गुळातही मुख्यत्वे साखरच असते, खनिजं नावापुरती. मधाचंही तेच. उकडलेल्या कैरीचा गर, जिरेपूड, पादेलोण आणि पुदिना पाण्यात घोळवून ग्लासाला अर्धा चमचा गूळ घातला तरी चांगलं लागतं. उसाच्या रसात साखर कोलापेक्षा जास्तच असते आणि गाळलेला संत्र्याचा रसही कोलाच्या फार मागे नसतो. संत्रं सोलून खा.

गोडी कमी करायची ती हळूहळू. चार चमचे साखरेची सवय असलेल्याला एकदम बिनसाखरेचं सरबत दिलं तर तो संध्याकाळी पुन्हा कॅन उघडेल. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. एका प्रयोगात काही महिने कमी साखर खाणाऱ्यांना तोच पदार्थ आधीपेक्षा जास्त गोड लागू लागला. एकदम सोडायची जिद्द मला तरी या बाबतीत फारशी कामाची वाटत नाही.

काही सावधगिरी

कॅफीन आधी. ३०० मिलिलिटर डाएट कोलात साधारण कपभर चहाइतकं कॅफीन असतं. रोज तीन-चार कॅन पिणारा एकदम थांबला, की दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, चिडचिड होते, आणि ‘मला सरबत मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. ही सरबताची नव्हे, कॅफीन तुटल्याची डोकेदुखी. बारा ते चोवीस तासांत सुरू होते, दोन दिवस जोरात असते आणि आठवड्याभरात जाते. दिवसाला एकेक कॅन कमी करा, किंवा मधल्या काळात गार केलेला कोरा चहा, लिंबू आणि सोडा प्या. रंगही कोलासारखा दिसतो, हा वरचा नफा.

घरी फसफस आणायला लिंबूपाण्यात खाण्याचा सोडा टाकायची पद्धत आहे. एखाद्या वेळी ठीक. पण पाव चमचा सोड्यातून ३०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम जातं, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या पुढे मीठ खाल्ल्यासारखं. मोठ्या माणसाची दिवसाची मिठाची शिफारस पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे, आणि आपल्या लोणच्या-पापडांतच ती बहुतेक खलास झालेली असते. रोजच प्यायचं असेल तर दुकानातला साधा सोडा आणा, किंवा घरी गॅसच्या नळकांड्याचं सोडा मशीन घ्या.

शहाळ्याचं पाणी गोड सरबतापेक्षा पुष्कळ बरं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा डॉक्टरांनी पोटॅशियम जपायला सांगितलं असेल, तर ते विचारल्याशिवाय नको.

मधुमेहींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांची साखर कधी कधी अचानक खाली येते: घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी डाएट सोडा, ताक किंवा आगळाचा सोडा काहीही कामाचं नाही, कारण यांतल्या कशातही पुरेशी साखर नाही. तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न ओतता दवाखाना गाठायचा. ती कोकम सिरपची बाटली फेकू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला अशा वेळी तिच्यातलं दोन बोटं सिरपही चालतं.